अत्यंत गोपनीय ग्राहकयादी

वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतला एखादा सेल्समन राजीनामा देऊन दोन गल्ल्या पलीकडच्या स्पर्धकाकडे गेला, की मालकाला साक्षात्कार होतो: अरे, आपल्याकडे ट्रेड सिक्रेट होतं की! लगेच वकिलाची नोटीस. आरोप काय, तर 'अत्यंत गोपनीय ग्राहकयादी' पळवली. ही तीच यादी, जी मालकांनी हौसेने 'आमचे मान्यवर ग्राहक' म्हणून लोगोंसकट दिवाळीच्या डायरीत छापलेली असते. दरांचं म्हणाल, तर ते रोज सकाळी विरार लोकलच्या अख्ख्या डब्याला पाठ होतात: "शेठ, फक्त तुमच्यासाठी किलोमागे दोन रुपये कमी. कुणाला बोलू नका हं!"

कायदा मात्र ढिम्म. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 म्हणतं, धंद्या-व्यवसायाला आडकाठी करणारा करार रद्दबातल. त्यामुळे 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही' ही अट सहसा कागदावरच राहते. 2003 साली स्टार इंडियाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानेही बजावलं, की कामाच्या ओघात नोकराला कळलेली प्रत्येक गोष्ट काही गुपित नसते. (खराखुरा फॉर्म्युला चोरला तर गोष्ट वेगळी, पण तो असावा लागतो.) विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये स्वतंत्र कायदा सुचवलाय. येईल तेव्हा येईल.

तोवर नोटिशीची शाई वाळायच्या आत गाळ्याच्या शटरवर कागद चिकटतो: 'सेल्समन पाहिजे. याच लाइनचा अनुभव हवा. स्वतःच्या पार्ट्या असल्यास प्राधान्य.'