निरुपद्रवी म्हणणाऱ्याला आधी मात्रा विचारा

‘आयुर्वेदिक आहे, बिनधास्त घ्या. साइड इफेक्ट काही नाही.’ झोप लागत नाही असं नुसतं तोंडातून निघायचा अवकाश, शेजारी, नातेवाईक, जिमचा ट्रेनर, सगळे हेच वाक्य ऐकवतात. हे वाक्य खोटं आहे आणि धोक्याचंही. जी वनस्पती मेंदूवर काम करून झोप आणते, ती औषध आहे. औषध म्हटलं की त्याला मात्रा आली, मुदत आली आणि अपायही आला. अपाय शून्य असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर ती वस्तू काहीच करत नसावी किंवा सांगणाऱ्याला तिची माहिती नसावी.

सर्पगंधेचंच घ्या. बिहारकडे वेडावर आणि निद्रानाशावर ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या दिली जायची. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलं. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरचा तिचा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे डोळे या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. त्याच दशकात हे औषध घेणारे काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदी होऊ लागल्या. सर्पगंधेच्या गोळ्या आजही झोपेसाठी म्हणून ऑनलाइन, चिठ्ठीशिवाय मिळतात. आधीच रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजोबांनी त्यात ही भर घातली, तर रात्री लघवीला उठताना रक्तदाब घसरून ते पडू शकतात. मांडीचं हाड मोडल्यावर साइड इफेक्ट नाही म्हणणारा शेजारी मदतीला येईल, पण हाड जुळवून देणार नाही.

सध्या सगळ्यात जास्त खप अश्वगंधेचा. चूर्ण, कॅप्सूल, आणि आता लहान मुलांच्या गोळ्यांसारख्या गोड गमीसुद्धा. डब्याच्या पुढे शांत झोपेचं आश्वासन असतं. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘औषधी वापरासाठी नाही’. ग्राहकाने आधी मागची बाजू वाचावी.

अश्वगंधेचा झोपेवर काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणत नाही. २०२१ साली पाच चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मिळून चारशे माणसं होती आणि थोडा पण खरा फायदा दिसला. तो अधिक ठळक दिसला रोज ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त अर्क आठ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ घेणाऱ्यांत. इथेच मेख आहे. परीक्षेच्या आधी, प्रवासानंतर, घरात कोणी गेल्यावर आठ-दहा दिवस झोप उडते. अशी उडालेली झोप बहुधा आपोआप परत येते. आठ आठवड्यांत गुण दाखवणारी मुळी या आठ दिवसांच्या कामाची नाही. ती घेतली, झोप आली, की श्रेय डब्याला जातं आणि मग डबा वर्षानुवर्षं सुटत नाही.

तो सुटायला हवा, कारण अश्वगंधा घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतासह अनेक देशांत आहेत. प्रमाण कमी आहे, पण डोळे पिवळे झालेल्या माणसाला प्रमाण सांगून काय उपयोग? डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. आपल्या आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना मुळाऐवजी पानं वापरू नका म्हणून बजावलं. ती थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते, म्हणून थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्या बाईने ती परस्पर घेऊ नये. गरोदरपणात तर मुळीच नको. मधुमेहाच्या, झोपेच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज हात लावू नये.

विलायती मालाची कथा वेगळी नाही. आपल्या तगराची युरोपातली बहीण व्हॅलेरियन. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१७ साली जुनाट निद्रानाशासाठी तिची शिफारस करण्याचं नाकारलं. कॅमोमाइलचा चहा बहुतेकांना सोसतो, पण हे फूल गाजरगवत आणि शेवंतीच्या कुळातलं. गाजरगवताने ज्याचं अंग खाजतं, त्याने आधी विचार करावा. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यानेही.

आणि जायफळ. पुरणपोळीत, मसाला दुधात चिमूटभर असतं तोवर हरकत नाही. पण पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक अख्खं जायफळ पोटात गेलं, तर उलट्या, छातीत धडधड आणि भास होऊ शकतात. हे मोठ्या माणसाचं. आपल्याकडे रडणाऱ्या तान्ह्याला सहाणेवर जायफळाचे वेढे देऊन चाटवतात. वेढा कोणाच्या हाताचा, किती जोराचा, याला माप नाही. मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी पाळीवर जाणाऱ्या आया नाइलाजाने तान्ह्यांना अफूची बाळागोळी द्यायच्या. त्यांना पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती. आज आपल्याला कसला नाइलाज आहे? जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. त्यात जायफळ नाही, वेखंड नाही, ‘झोपेचा थेंब’ही नाही.

तरीही मोठ्या, निरोगी माणसाला चार रात्री काही घ्यायचंच असेल, तर एका वेळी एकच वनस्पती घ्यावी, पाच वनस्पतींचं मिश्रण नको. परवाना क्रमांक आणि मुदत छापलेल्या सीलबंद डब्यातलीच घ्यावी. बाजारातली सुटी पुडी नको. १९९८ साली अमेरिकेत वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या कॅप्सूलमध्ये एस्टाझोलाम ही सरळ झोपेची गोळी सापडली होती. पुडी फार झटपट गुण देत असेल, तर संशय घ्या. मात्रा कमीत कमी ठेवा, बरोबर दारू किंवा झोपेची गोळी नको. सकाळी डोकं जड असेल तर दुचाकीची किल्ली उचलू नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधीपासून बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. लघवी गडद झाली, खाज सुटली, डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा.

मुदत पंधरा दिवसांची. तेवढ्यात झोप रुळावर आली नाही, तर दुसरी मुळी शोधू नका, कारण शोधा. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, तर गुंगी आणणारं काहीही धोका वाढवतं. पहाटे तीनला जाग येऊन मन खचत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. आठवड्यात तीन रात्री, तीन महिने झोप नसेल, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपचार झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी वर्तनचिकित्सा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितलं.

आयुर्वेदाचा मान राखायचा असेल, तर चरकसंहिता काय म्हणते ते पाहावं. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोप न येणाऱ्यासाठी अंगाला तेल लावणं, स्नान, दूध, भात, तूप, सुखाचं अंथरूण, आवडता गंध आणि मनाचं स्वास्थ्य सांगितलं आहे. यातलं बरंचसं आपल्या घरातच आहे.

वाचकहो, एवढं एक करा. घरातल्या ज्येष्ठांच्या उशाशी असलेल्या सगळ्या बाटल्या आणि पुड्या एका पिशवीत भरा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ठेवा.