साडेसहा लिटर

फियाटवाले नाना तुमच्या सोसायटीत नसतील, तर शेजारच्या सोसायटीत नक्की आहेत. बनियनवर, हातात फडकं, बॉनेट उघडं. त्यांना सहज म्हणून ‘काय नाना, गाडी कशी आहे?’ असं विचारणाऱ्याचा रविवार गेलाच.

गाडी कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. हे नाव 1974 साली आलं, पण नाना तिला फियाटच म्हणतात. नाव बदलताना कंपनीने त्यांना विचारलं नव्हतं. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर, खिडकीच्या काचांचे स्वभाव वेगवेगळे. ते सगळं चालून जातं. पण पेट्रोलचा काटा बंद आहे, आणि पुढचं सारं रामायण त्या काट्याचं.

बंद काट्यावर इतर लोक उपाय करतात. नानांनी शास्त्र बनवलं. गाडी काढण्याआधी ते डिकीला कान लावतात आणि मागे उभ्या असलेल्या दोघांना हुकूम सोडतात, “हलवा. जोरात नको, पाळण्यासारखी.” गाडी डुलते, टाकीत पेट्रोल डुचमळतं. नाना डोळे मिटतात. मग निकाल येतो, “साडेसहा.” कधी साडेचार, कधी साडेनऊ. पूर्ण आकडा कुणी कधी ऐकलेला नाही. सहा म्हणणं म्हणजे अंदाज, साडेसहा म्हणजे मोजमाप, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

या मोजमापाला शांतता लागते. भाचीच्या लग्नात मुहूर्ताला वीस मिनिटं राहिलेली, सजवलेली फियाट दारात, आत नवरदेव मुंडावळ्या बांधून घामाघूम. नानांनी बँड थांबवला. क्लॅरिनेटवाल्याने एक सूर चुकून लांबवला, तर त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने वाद्य पाठीमागे लपवलं. दोन व्याह्यांनी जरीच्या फेट्यांसकट गाडी हलवली. “साडेसात. कार्यालय गाठून परत येऊ.” नवरदेवाला परतीची एवढी खात्री तोवर कुणी दिली नव्हती.

एकदा मात्र साडेपाच लिटर शिल्लक असताना गाडी नळ स्टॉपच्या चौकात बंद पडली. पेट्रोल नव्हतं. नानांनी पडती बाजू घेतली नाही. “तो अंदाज लक्ष्मी रोडवर घेतला होता,” ते म्हणाले. “तिथे माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, टाकीचं काय येणार!”

काटा चालू होता तेव्हाही नानांचं त्याच्याशी पटत नव्हतंच. खंबाटकी घाटात तो पाव टाकीवरून अर्ध्यावर चढला आणि पुतण्या खूश झाला. त्यावर नानांनी घाट संपेपर्यंत व्याख्यान दिलं. टाकीत एका दांडीला फ्लोट लावलेला असतो. पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो, दांडीचं दुसरं टोक रोधाच्या तारेवर सरकतं, आणि त्यातून जेवढा करंट जाईल तेवढा समोरचा काटा हलतो. चढावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला जातं, फ्लोट उचलला जातो आणि काटा फुशारकी मारतो. व्याख्यान शंभर टक्के बरोबर होतं. पुतण्या तेव्हापासून शिवनेरीने जातो.

शेवटी काकूंनीच इलेक्ट्रिशियनला बोलावलं. शुक्रवार पेठेतला, बोलायला कमी, हाताला पक्का. त्याने आधी फ्लोट युनिटचं अर्थिंग पॉलिश पेपरने घासलं, कारण जुन्या गाडीत निम्मी दुखणी गंजलेल्या अर्थिंगची असतात. फरक पडला नाही. मग किल्ली फिरवून त्याने फ्लोटकडे येणारी वायर सोडवली आणि बॉडीला टेकवली. डॅशबोर्डवरचा काटा झपकन एका टोकाला गेला. “मीटर चांगला आहे, वायरपण चांगली. फ्लोट गेलाय.” बॅटरी सुटी केली, विडीवाल्या वॉचमनला लांब पिटाळलं आणि मग टाकीवरचे स्क्रू काढले. उघड्या टाकीजवळ एक ठिणगी पुरते. फ्लोट बाहेर आला. पितळी डबी, सांध्याला केसाएवढी चीर. त्याने ती कानाजवळ हलवली. आत पेट्रोल. तरंगायची ती गोष्ट पेट्रोल पिऊन तळाशी बसली होती, म्हणून टाकी भरली तरी काटा रिकामी दाखवायचा.

“किती आहे आत?” कुणीतरी खवचटपणे विचारलं. नानांनी डबी हातात घेतली, हलवली आणि म्हणाले, “अर्धा चमचा.” इथेही अर्धाच!

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून दुसरा फ्लोट मिळाला आणि काटा ठणठणीत झाला. सोसायटीने सुटकेचा निःश्वास टाकला. पुढचे दोन-तीन रविवार नाना एकटेच खाली आले, एकटेच बसले, काट्याकडे बघून गाडी काढली आणि लगेच परत आले. कुणाला हाक मारायचं कारणच उरलं नव्हतं.

त्यानंतर काटा पुन्हा बंद पडला.

इलेक्ट्रिशियनने डिकीत डोकं घातलं आणि जरा वेळाने बाहेर काढलं. फ्लोट चांगला, अर्थिंग चांगलं. वायर मात्र टर्मिनलवर नव्हती. ती तुटलेली नव्हती, काढलेली होती. टोकाला काळी टेप नीट गुंडाळून बाजूला खोचून ठेवली होती. असं टापटीप काम त्या सोसायटीत एकच माणूस करतो. काकूंनी इलेक्ट्रिशियनला चहा दिला, पैसे दिले आणि “राहू दे तसंच” म्हणाल्या.

30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. ती बातमी नानांनी जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवली आणि भर सोमवारी गाडी बाहेर काढली. हलवायला त्या दिवशी चौघं आले, कुणी न बोलावता.

हल्ली नानांचा उजवा कान काम करत नाही, डावाही कुरकुरतो. मशीन घ्यायला ते तयार नाहीत. म्हणून डिकीला कान आता तिसऱ्या मजल्यावरची चौथीतली मुलगी लावते आणि नाना तिच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. परवा तिने सरळ “सात” म्हणून सांगितलं. नानांनी तिला पुन्हा ऐकायला लावलं.

गाडी दर रविवारी नऊला निघते. हलवायला दोन माणसं लागतात. त्या बाजूला आलात तर खाली थांबा, आणि घाईत असाल तर मागच्या गेटने जा.