तिकीट कसे काढावे (परभणी आवृत्ती)

एसटीत ‘कुठं जायचं’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तुम्ही कोण. बाई असाल तर 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. पासष्टी ओलांडलेली असेल तरी अर्धं. पंच्याहत्तरी गाठली असेल तर 26 ऑगस्ट 2022 पासून फुकट. यांपैकी कोणीच नसाल, म्हणजे धडधाकट चाळिशीचे पुरुष असाल, तर गाडी तुमच्याच जिवावर चालली आहे असं समजून जरा ताठ बसा.

आधार कार्ड जवळ ठेवा. सुरकुत्या पुरावा म्हणून धरत नाहीत. लहान मुलांचं मात्र उलटं आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही आणि त्याचा पुरावा सहसा कोणी मागत नाही. त्यामुळं जिंतूरच्या गाडीत दुसरीत जाणारी बरीच मुलं चार वर्षांची असतात. अशा मुलाला आधी नीट पढवून ठेवा. नुसतं वय पढवून भागत नाही. ते चोख “चार” म्हणतं आणि लगेच पाढे म्हणून दाखवतं.

आता टप्पा. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं आणि टप्पा 6 किलोमीटरचा. तुमचा फाटा टप्पा संपल्यावर हाकेच्या अंतरावर असेल तर पुढच्या सगळ्या टप्प्याचे पैसे द्यावे लागतात. यावर कंडक्टरशी हुज्जत घालू नये. गाव थोडं अलीकडं सरकवता येतं का, ते ग्रामसभेत विचारावं.

इथवर सगळं सोपं होतं. खरी परीक्षा चिल्लरची. 2018 साली महामंडळानं भाडी 5 रुपयांच्या पटीत आणली, तेव्हा लोकांना वाटलं, सुटलो. मग 25 जानेवारी 2025 ला 14.95 टक्के भाडेवाढ झाली आणि पहिला टप्पा आला 11 रुपयांवर, दुसरा 21 वर. अकरा, एकवीस हे आकडे आपल्याकडं आहेराच्या पाकिटाचे. पाकिटावर तो रुपया चिकटवूनच मिळतो, एसटीत तो आपण आणायचा असतो. अकराचं अर्धं किती, हे मशीनला विचारावं. तोंडी हिशोब करू नये.

तुम्ही वीसची नोट देता. मास्तर “चिल्लर द्या” म्हणतात, तुम्ही खिसे चाचपल्यासारखं करता. ते तिकीट उलटं करून पाठीवर 9 लिहितात, भोवती गोल काढतात आणि म्हणतात, “उतरताना घ्या.” हा गोल म्हणजे दर्शनी हुंडी. ती घामाच्या मुठीत धरू नये, पोराच्या हातात तर मुळीच देऊ नये. उतरायच्या दोन थांबे आधीच उठावं, कारण तुम्ही पुढच्या दारात असताना मास्तर हमखास मागच्या बाकावर असतात.

दुसरा प्रकार जास्त अवघड. मास्तर तुम्हाला आणि एका अनोळखी माणसाला मिळून एकच नोट देतात आणि सांगतात, “दोघं वाटून घ्या.” मग स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन चहा घेणं भाग पडतं. चहाचे पैसेही त्या नोटेत बसत नाहीत. यातून सोयरिकी जुळल्याचंही ऐकिवात आहे. मशीनवर फोननं पैसे देण्याची सोय आली आहे, तिचा लाभ रेंज असलेल्या गावांनी घ्यावा.

हे दुःख नवं आहे असं मात्र समजू नका. निजामाच्या राज्यात 1932 साली 27 गाड्यांवर सरकारी बस सुरू झाली, तेव्हा मुलखात हाली आणि कलदार असे दोन रुपये होते. साधारण 7 हालींचे 6 कलदार. तो हिशोब ज्यांना जमला त्यांच्या नातवंडांना एक रुपया जड जाऊ नये.

रेल्वेनं जाणार असाल तर आपली गाडी सध्या कोण आहे ते विचारा. करोनानंतर पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं लागलं आणि पूर्णेला जायचे 10 रुपयांचे 30 झाले. 2024 च्या फेब्रुवारीत ते परत 10 वर आले. गाडीचा वेग दोन्ही वेळा तोच होता. शहरातल्या ऑटोबद्दल थोडक्यात : भाडं बसायच्या आधी ठरवा आणि हातातली बॅग पाठीमागं धरा.

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आपण म्हणत आलो. जर्मनीनं 1 मे 2023 ला 49 युरोचं एकच मासिक तिकीट काढलं. लोकल गाडी, ट्राम, शहरातली बस, सगळ्या देशात चालतं. 2025 ला त्याचे 58 युरो केले. तिथंही वाढ चुकली नाही, पण महिन्यातून एकदा पैसे भरले की चिल्लरीचा विषय संपतो.

आम्हाला तेवढं नको. महामंडळाला विनंती एवढीच : तिकीट 10 करा, नाहीतर सरळ 15 करा, पण 11 करू नका. 2018 साली हे तुम्हालाच सुचलं होतं.