कृषी-व्यवसाय व्यवस्थापन : केलगेरी आवृत्ती

शेतमाल पिकवणाऱ्याला वगळून त्या मालाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला पैसे कसे सुटतात, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे कृषी-व्यवसाय व्यवस्थापन. पाठ्यपुस्तकातली व्याख्या याहून सभ्य असते. बियाणे, खते, औषधे, अवजारे आणि कर्ज हे शेतीच्या अलीकडचे व्यवहार. साठवण, प्रक्रिया, वाहतूक आणि विक्री हे पलीकडचे. या सर्वांचा शेतीसकट एकत्र विचार करावा, असे ती सांगते. हार्वर्डच्या जॉन डेव्हिस आणि रे गोल्डबर्ग यांनी 1957 साली हा विचार पुस्तकरूपाने मांडला. त्याआधीही हे व्यवहार चालूच होते, फक्त त्यांची परीक्षा घेतली जात नव्हती.

धारवाडात ही परीक्षा घेण्याची सोय आहे. येथील कृषी महाविद्यालय 1947 सालचे, म्हणजे धारवाड मुंबई प्रांतात होते तेव्हाचे. 1 ऑक्टोबर 1986 रोजी बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून वेगळे होऊन धारवाडचे स्वतंत्र कृषी विद्यापीठ झाले. त्याचे आवार शहराबाहेर यत्तिनगुड्डाला आहे. केलगेरी हे गाव धारवाडच्या पश्चिमेला, गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आपल्या तळ्यासह वसलेले आहे. विद्यापीठ आणि केलगेरी यांच्यात काही किलोमीटरचे अंतर आहे. सिद्धान्त आणि व्यवहार यांच्यात इतके अंतर असणे उभयपक्षी सोयीचे असते.

या विषयाचा विद्यार्थी बहुधा शेतकऱ्याचा मुलगा असतो आणि ते सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर पदवीच्या प्रवेशातच येऊन गेलेली असते. कर्नाटकात शेतकरी कोट्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा असते. तीत समोर मांडलेली बियाणी, खते, अवजारे ओळखायची असतात. ज्या तुरीच्या रानात बालपण गेले ती तूर बशीत ठेवून परीक्षकाने "हे काय?" असे विचारले की उमेदवार क्षणभर गडबडतो. इतका सोपा प्रश्न सरकार विचारणार नाही अशी त्याची खात्री असते. पदवीनंतर तो व्यवस्थापनाकडे वळतो. पदवीधर शेतीत राबला तर लोक हळहळतात. व्यवस्थापक होऊन शेतीबद्दल बोलला तर त्याला पाहुणे म्हणून बोलावतात. या नोंदीच्या लेखकाचे नाव अशाच एका वर्गाच्या हजेरीपटावर होते, तेव्हा विद्यार्थ्यांविषयीची पुढील निरीक्षणे ऐकीव नाहीत.

पहिल्या सत्रात विद्यार्थ्याची भाषा बदलते. शेणखत हे 'इनपुट' होते, दलाल 'इंटरमीजिअरी' होतो आणि शेताकडून पेठेकडे जाणारी गाडीवाट 'व्हॅल्यू चेन' होते. सुटीत तो गावी जातो तेव्हा हे शब्द जेवताना वापरतो. घरची मंडळी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढून तो विषय संपवतात. याच सत्रात तो ब्लेझर शिवून घेतो आणि एप्रिलच्या उन्हात तो घालून सादरीकरण करतो. सादरीकरणाच्या पहिल्या पडद्यावर नाण्यांच्या ढिगातून उगवलेले हिरवे रोप असते. असे रोप कोणत्या जमिनीत येते याचा उल्लेख कृषिशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात सापडत नाही.

नंतर 'स्वॉट' विश्लेषण येते. बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके असे चार चौकोन आखायचे. कोरडवाहू शेतीचा तक्ता असेल तर चारही चौकोनांत 'मान्सून' लिहून मोकळे होता येते, आणि उत्तर चूक ठरवणे परीक्षकाला कठीण जाते. मागच्या वर्षीचा भाव पाहून यंदाची लागवड होते आणि भाव पडतो, या गोष्टीचा सिद्धान्त मॉर्डेकाय इझीकेल यांनी 1938 साली मांडला. कांदा लावणाऱ्या कोणालाही तो नव्याने सांगावा लागत नाही. तरी दर वर्षी तो नव्याने सिद्ध होत असतो.

विपणन हा या अभ्यासक्रमाचा कणा. 1960 साली जेरोम मॅकार्थी यांनी विपणनाचे चार 'पी' सांगितले: माल, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी. हे चारही केलगेरीत एका फळात सापडतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. (आवश्यक नाही, पण आंब्यापाशी न थांबता पुढे जाणारे पाठ्यपुस्तक कोणी वाचू नये.) धारवाडच्या पूर्वेला काळी कापसाची जमीन आणि पश्चिमेला मलनाडाकडे चढत जाणारी तांबडी माती. त्या तांबड्या पट्ट्यात, केलगेरी-कलकेरीच्या बाजूला, हापूसच्या बागा आहेत. हापूस कोकणातल्याच कुळातला, वास ओळखीचा, आणि वर्षाआड भरघोस धरण्याचा लहरीपणाही तोच. साका निघण्याची भीतीही तीच. वरून देखणे फळ कापल्यावर आत पांढरट, निबर गर निघतो. बागवाल्यांपैकी अनेकजण मोहोरावरच बाग ठेकेदाराला देऊन टाकतात. व्यवस्थापनाच्या भाषेत याला जोखमीचे हस्तांतरण म्हणतात. बागवाल्याच्या भाषेत याला मुलीच्या लग्नाची तारीख म्हणतात.

हा आंबा गाडीत बसून पुण्या-मुंबईकडे निघाला की त्याच्या ओळखीचे काय होते, हा विपणनातला सर्वांत मनोरंजक भाग आहे. धारवाडात तो हापूस असतो. पुण्याच्या मार्केट यार्डात उतरला की 'कर्नाटक हापूस' होतो आणि त्याचा भाव खालच्या पायरीवर बसतो. तेथून निघून एखाद्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवर चढला की कधी कधी त्याला देवगडचे नागरिकत्व मिळते. मग चोखंदळ गिऱ्हाईक पेटीतल्या गवताखाली बोट घालून तळाच्या कागदावरची लिपी वाचू पाहते. फळाच्या सालीपेक्षा रद्दीवर जास्त विश्वास ठेवणारी ही एकमेव बाजारपेठ असावी. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. झाडांना याची सूचना देण्यात आलेली नाही.

धारवाडातल्या मराठी घरांची या प्रकरणातली भूमिका अभ्यासण्यासारखी आहे. येथील मराठी माणूस निष्ठेने रत्नागिरीच्या बाजूचा असतो. बाहेरगावाहून पाहुणे आले की "आमच्याकडचा तसा काही खास नाही" असे तो विनयाने सांगतो आणि पाहुणे गेल्यावर माळ्यावरची अढी उघडतो. पहाटे पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या हाताला कोयीचा वास येत असेल तर तो वास कुठल्या जिल्ह्यातला, हे विचारण्याची पद्धत नाही. आता मॅकार्थी यांच्याकडे वळू. माल एकच, किंमत वेगळी, ठिकाण केलगेरी, आणि प्रसिद्धी म्हणजे पहिल्या तीन गोष्टींविषयी बाळगलेले मौन. या विषयावर विद्यार्थी वीस पानी निबंध लिहितो. निबंधाच्या शेवटी 'धारवाड हापूसचा स्वतंत्र ब्रँड उभारावा' अशी शिफारस असते. ती योग्यच आहे. शिफारस करणारा उन्हाळ्यात पुण्याच्या मावशीकडे जाताना मात्र धारवाडचा पेढा नेतो, कारण पेढ्याबद्दल स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

आंबा येथे संपला. पुढचा भाग शेतीच्या हिशेबाचा.

लागवडीचा खर्च मोजण्याची देशभराची सर्वंकष सरकारी योजना 1970-71 पासून चालू आहे, आणि तिच्यातल्या खर्चाच्या संकल्पना विद्यार्थ्याला तोंडपाठ कराव्या लागतात. ए-1 म्हणजे रोख आणि वस्तुरूपात प्रत्यक्ष केलेला खर्च. त्यात खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड मिळवला की ए-2. घरच्या माणसांच्या कामाचे अंदाजे मोल म्हणजे एफएल, अर्थात कौटुंबिक श्रम. ए-2 मध्ये स्वतःच्या भांडवलाचे व्याज आणि स्वतःच्या जमिनीचा खंड धरून वर एफएल मिळवले की सी-2. हमीभाव किमान दीडपट असावा यावर 2018-19 पासून सरकारचे एकमत आहे. तो कशाच्या दीडपट, यावर भांडण आहे. सरकार ए-2 अधिक एफएल धरते. शेतकरी संघटना सी-2 मागतात. दिल्लीच्या वेशीवरची आंदोलने, संसदेतली भाषणे आणि परीक्षेतला दहा गुणांचा प्रश्न यांचा उगम या दोन-तीन अक्षरांत आहे.

एफएलची आकडेमोड पहिल्यांदा करताना विद्यार्थी थोडा थबकतो. कौटुंबिक श्रमाला गावात चालू असलेल्या मजुरीचा दर लावायचा असतो, आणि गावात बाईची मजुरी गड्याच्या मजुरीपेक्षा कमी असते. म्हणून आईचा दिवस वडिलांच्या दिवसापेक्षा स्वस्त पडतो. भांगलण, वेचणी, राखण हे रकान्यात बसते. पहाटे उठून दहा माणसांच्या भाकरी थापून शेतात नेणे कशातच बसत नाही, कारण तो पिकाचा खर्च नव्हे, संसार आहे. हिशेब नियमाप्रमाणे बरोबर येतो. तो बरोबर आल्याचे समाधान मात्र होत नाही, आणि या असमाधानासाठी अभ्यासक्रमात श्रेयांक ठेवलेले नाहीत.

यादीत शेवटी सी-3 येते. सी-2 च्या दहा टक्के रक्कम शेतकऱ्याच्या व्यवस्थापनाची म्हणून वर धरायची, म्हणजे सी-3. काय पेरायचे, कधी पेरायचे, कोणाकडून उसने घ्यायचे, कोणता बैल विकायचा, ढग पाहून फवारणी कधी थांबवायची, या सर्व निर्णयांची ही बिदागी. हमीभावाच्या सूत्रात ती धरली जात नाही, त्यामुळे ती कोणालाच मिळत नाही. ज्या विषयाचे शुल्क भरून विद्यार्थी दोन वर्षे वसतिगृहात राहतो, तो विषय त्याचे वडील त्या दहा टक्क्यांवर, न मिळणाऱ्या, आयुष्यभर करीत आलेले असतात. हे पुस्तकात लिहिलेले आहे. एका ओळीत.

याच सुमारास घरून फोन येतो. सोयाबीन निघालेले असते आणि भाव हमीभावाच्या खाली असतो. आप्पांचा प्रश्न एवढाच असतो, "एवढं शिकतंयस तर सांग की गा, आज घालू काय थांबू?" विद्यार्थ्याने वायदे बाजार, हंगामी निर्देशांक आणि गोदाम पावतीवरचे कर्ज हे सारे विषय पूर्ण केलेले असतात. तो दहा मिनिटे बोलतो. आप्पा ऐकून घेतात, "बरं बरं" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी अर्धे विकून अर्धे ठेवतात. हेच उत्तर पुस्तकात 'जोखीम विभागणी' या प्रकरणात आहे. ते प्रकरण विद्यार्थ्याने परीक्षेसाठी वगळलेले असते.

संध्याकाळी केलगेरीच्या तळ्याच्या बांधावर उद्योगांची स्थापना होते. येथे स्थापन झालेल्या उद्योगांची नोंद कुठल्याही कार्यालयात नाही. प्रत्येक पिढीचे एक पीक ठरलेले असते. आधी सफेद मुसळी होती, मग कोरफड, मग एमू, मग कडकनाथ. अलीकडे ड्रॅगन फ्रूट आणि शेवग्याच्या पानांची पूड. यांतल्या बहुतेकांत पैसे मिळाले ते रोपे किंवा पिल्ले विकणाऱ्यांना. डेव्हिस आणि गोल्डबर्ग यांच्या 'अलीकडच्या' भागाचे महत्त्व यावरून पटते. दहा मित्र मिळून उत्पादक कंपनी काढायची, हा ठराव तर प्रत्येक तुकडीत एकदा होतोच. 2002 सालच्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीने अशा कंपनीला किमान दहा उत्पादक लागतात. बांधावर दहाजण जमतात. अध्यक्षही दहाच निघतात.

शेवटचे सत्र प्रकल्प अहवालाचे. विद्यार्थी प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरतो, आणि नमुना पुरा भरत नसेल तर आपल्या गावी जातो. शेतकऱ्यांची उत्तरे संगणकात घालून सरासरी आणि प्रमाण विचलन काढले की प्रत्येकजण 'कमी', 'मध्यम' किंवा 'जास्त' या तीन गटांपैकी एकात जाऊन बसतो. असाच एक अहवाल पाहण्यात आहे. त्यात उत्तरदाता क्रमांक सतरा याची नोंद अशी: वय 58, शिक्षण सातवी, जमीन चार एकर, कोरडवाहू, व्यवस्थापन क्षमता, मध्यम. मुलाखत घेणाऱ्यासाठी उत्तरदात्याच्या घरी चहा झाला होता आणि निघताना शेंगांची पिशवी मिळाली होती. उत्तरदात्याने वर वाटखर्चाला पैसेही दिले होते. अहवालाला चांगली श्रेणी मिळाली. क्षमतेचा रकाना नंतर बदलता येत नाही, कारण प्रत बांधून ग्रंथालयात गेलेली असते.

त्यानंतर नोकरी. बँका, सूक्ष्म वित्तसंस्था, किरकोळ विक्रीच्या साखळ्या आणि सर्वांत जास्त बियाणे व औषधांच्या कंपन्या. स्वतःचा व्यवसाय हा पर्याय मुलाखतीत "पाच वर्षांनी कुठे असाल?" या प्रश्नाच्या उत्तरासाठी राखून ठेवलेला असतो. नवा अधिकारी मोटारसायकलवरून तीन-चार तालुके फिरतो, कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर आपला माल पुढे आणि दुसऱ्याचा मागे सरकवतो, डेमो प्लॉटवर पाटी लावतो आणि मार्चअखेर उधारीची वसुली करतो. दुकानदार त्याला "या साहेब" म्हणतो, चहा मागवतो, आणि मागच्या महिन्याचे पैसे पुढच्या सोमवारी देण्याचे कबूल करतो.