इटली लागते, तेलगाव लागत नाही

धारूरमध्ये हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संच, लावून बसणाऱ्याला संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर इटलीतला माणूस स्वच्छ ऐकू येतो, आणि घाट उतरल्यावरचे तेलगाव काही केल्या लागत नाही. "एवढा सेट घेतला, अन् तेलगाव लागंना?" हा पारावरचा प्रश्न तसा रास्तच.

दोष सेटचा नसतो. जमिनीलगत निघालेली लहर बालाघाटाच्या कड्यांतच गारद होते. वर गेलेली अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या, आयनांबरातल्या एफ थरातून वळून उतरते ती हजार-दोन हजार किलोमीटरवर. मधली गावे जलद एसटीच्या वगळलेल्या थांब्यांसारखी कोरडी. यावर उपाय आहे. ७ मेगाहर्ट्झवर यायचे आणि अँटेना खाली घ्यायची, म्हणजे लहर जवळजवळ सरळ डोक्यावर जाऊन आसपास उतरते. तेलगावशी बोलायला आभाळाकडे तोंड करावे लागते, हे पाराला पटवणारा अजून जन्मायचा आहे.

लांबच्यासाठी मात्र उंची हवी. ७ मेगाहर्ट्झची साधी अर्धलहरी तारसुद्धा वीसेक मीटर लांब भरते. धारूरकडे सीताफळाला तोटा नाही, पण त्याला बांधलेली तार शेळीच्या गळ्यात येते. तेव्हा जुना लिंब गाठावा, आणि केबलच्या सांध्याला चांगली टेप गुंडाळावी. आत पावसाचे पाणी शिरले की ताकद तारेपर्यंत पोचायच्या आधीच सांध्यात जिरते आणि शिव्या सेट खातो.

सूर्याचे तर विचारूच नका. दुपारी खालचा डी थर ७ मेगाहर्ट्झची लहर पिऊन टाकतो. रात्री तो थर विरतो आणि पट्टा जागा होतो. वर अकरा वर्षांचे डागांचे चक्र. २०२४ साली ते भरात होते, आणि त्याच वर्षी १० मे रोजी मोठे सौरवादळही येऊन थडकले. सूर्यावर जोरदार ज्वाला उठली की आठेक मिनिटांत पृथ्वीची उजेडाकडची बाजू चिडीचूप. बिचारा हॅम मग उगाच कनेक्टर पिळत बसतो.

पण खरा शत्रू गल्लीत असतो. स्वस्त एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, शेजाऱ्याचा इन्व्हर्टर: प्रत्येकाची आपली वेगळी खरखर. हे दुखणे जुने आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेला आपली चुंबकीय मोजमापे अलिबागला हलवावी लागली; तिथली वेधशाळा १९०४ साली सुरू झाली. हॅमला असे गाव सोडून जाता येत नाही. तो लोडशेडिंगची वाट बघतो. वीज गेली की सगळे गाव महावितरणच्या नावाने बोटे मोडते, आणि हा १२ व्होल्टच्या बॅटरीवर सेट लावून खुशीत बसतो, कारण खरखर एकदम खाली येते आणि तिच्याखाली दबलेली माणसे बोलू लागतात.

या खटाटोपाला कोणी हसू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली, तेव्हा निरोप पोचवायला हॅम मंडळी धावली होती.

ज्याला शिकायचे असेल त्याने आधी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना काढावा. सेट नंतर घ्यावा, आणि त्याच्याही आधी लिंबाच्या मालकाला विचारावे.