तासावर मिळणारे विमान

भाड्याचे हलके विमान तासाच्या हिशेबाने मिळते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला 200 तासांचे उड्डाण लागते, म्हणून प्रत्येक मिनिट पैशात मोजले जाते. उड्डाणापूर्वीची तपासणी इंजिन बंद ठेवून करायची, त्यामुळे ती बहुधा फुकट. तरीही घाई तिथेच होते. लोणी काळभोरमध्ये भाड्याने दिलेला ट्रॅक्टर परत आला की मालक आधी टायर पाहील, मग पैसे मोजील. विमानाच्या बाबतीत हे काम पुष्कळदा पुढच्या गिऱ्हाइकाच्या माथी येते.

सेसना नाकाच्या चाकावर आदळत उतरले, की इंजिनामागच्या अग्निरोधक पत्र्याला बारीक सुरकुत्या पडतात. पंख्याचे पाते धावपट्टीला घासले तर हादरा क्रँकशाफ्टपर्यंत जातो. बाहेरून दिसतो तो किरकोळ ओरखडा. नोंद करावी तर भुर्दंड नोंद करणाऱ्यालाच, त्यामुळे वहीत विमान कायम ठणठणीत.

लोणीवरूनच जाणाऱ्या सोलापूर रस्त्याने पुढे इंदापूर तालुका लागतो. तिथे कडबनवाडीच्या शेतात 25 जुलै 2022 रोजी प्रशिक्षणाचे सेसना 152 कोसळले. एकटीने उडणारी प्रशिक्षणार्थी वैमानिक जखमी झाली, पण बचावली. असल्या अपघातांची कारणे चौकशीत यथावकाश निघतात. शेताचा पंचनामा मात्र तलाठ्याकडे.