डोक्याइतकी तूर, तोंडावर फवारा

फवारता फवारता माणूस बांधावर कोसळला, की पहिलं बोट त्याच्याकडेच वळतं. हातमोजे घातले नव्हते. तोंडाला काही बांधलं नव्हतं. वारा समोरून होता. दोन औषधं एकत्र कालवली होती. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे आठशेहून अधिक लोक दवाखान्यात गेले आणि वीसहून अधिक जण दगावले. तेव्हाही कंपन्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांनी मेलेल्या माणसाचीच चूक आधी शोधली. मला हा आरोप मान्य नाही. विष अंगात कसं शिरतं आणि तिथे काय करतं हे ज्याने समजून घेतलंय, त्याला तो मान्य होणारच नाही.

कर्नाटकातल्या आमच्या कलबुर्गी जिल्ह्यात, आळंद तालुक्यात, मृगाच्या पावसावर तूर पेरली जाते. दिवाळीच्या आगेमागे ती फुलोऱ्यात येते आणि नेमकी तेव्हाच शेंगा पोखरणारी हिरवी अळी पडते. फवारणीची खरी घाई त्याच काळात. आता त्या वेळची तूर किती उंच असते ते आठवा. चांगल्या काळ्या रानात ती माणसाच्या छातीला लागते, डोक्यावरही जाते. फुलं आणि शेंगा असतात शेंड्याकडे, म्हणून नोझल वर धरावा लागतो. हरभऱ्यावर किंवा सोयाबीनवर मारलेला फवारा खाली जातो. तुरीवरचा फवारा तोंडावर, मानेवर, खांद्यावर परत येतो. दाट ओळींतून वाट काढताना ओली पानं अंगाला पुसली जातात ती वेगळीच. यवतमाळात त्या वर्षी कपाशी माणसापेक्षा उंच वाढली होती आणि दुर्घटनेच्या कारणांत ती उंची मोजली गेली. तिथे एका हंगामात जी उंची घातक ठरली, ती कलबुर्गी-बीदरच्या तुरीची दरवर्षीची उंची आहे.

संरक्षक पोशाख घालावा हे खरंच. पण सल्ला देणाऱ्याने ऑक्टोबरच्या उन्हात अंगभर प्लास्टिकचा झगा, रबरी बूट, चष्मा आणि पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा भरलेला पंप घेऊन एक एकर चालून दाखवावं. घामाने भिजलेली, तापलेली कातडी विष जास्त ओढते. तोंडाला बांधलेलं फडकं तासाभरात औषधाने ओलं होतं आणि तेच विष नाकापुढे धरून ठेवतं. पंपाचं झाकण गळत असेल तर पाणी पाठीवरून कंबरेत आणि तिथून जांघेत उतरतं. हे शेवटचं सगळ्यात वाईट. अमेरिकेत हॉवर्ड मायबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराथिऑन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून मोजमाप केलं आणि १९७१ साली ते प्रसिद्ध केलं. हाताच्या कातडीतून नऊएक टक्के विष आत गेलं, कपाळातून त्याच्या चौपट, आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. तोंड झाकून काम भागत नाही ते यामुळे. गळका पंप बदलून देणं हे मास्क वाटण्यापेक्षा मोठं काम आहे. ते कोणी करत नाही, कारण मास्क वाटतानाचा फोटो छान येतो.

आत गेल्यावर काय होतं? क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्विनॉलफॉस हे सगळे एकाच घराण्यातले, ऑर्गेनोफॉस्फेट. आपली नस स्नायूला किंवा ग्रंथीला हुकूम देते तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. हुकूम पोचला की ते रसायन क्षणात मोडावं लागतं, आणि मोडण्याचं काम कोलिनेस्टरेज नावाचं विकर करतं. ही विषं त्या विकरालाच चिकटून बसतात. मोटार सुरू होते, पण बंद करायचं बटण जळालेलं असतं. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी, अंगभर घाम, उलट्या, जुलाब. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. मांसपेशी उडायला लागतात. छातीत पाणी भरतं आणि श्वासाचे स्नायू थकून थांबतात. अळी ज्या कारणाने मरते त्याच कारणाने माणूस मरतो. दोघांच्या नसांचं यंत्र एकच आहे.

क्लोरपायरिफॉसची तऱ्हा आणखी वेगळी. ते बाटलीत असताना जेवढं जहाल असतं, त्याहून कितीतरी जहाल ते आपल्या यकृतात गेल्यावर बनतं. शरीर बाहेरचं रसायन फोडायला जातं आणि फोडताना त्याचा ऑक्सॉन तयार होतो. तो ऑक्सॉन निकामी करणारं आणखी एक विकर रक्तात असतं, पण सगळ्यांत सारखं नसतं. कुणात भरपूर, कुणात थोडं, आणि तान्ह्या मुलांत फारच कमी. म्हणून एकाच पंपाने, एकाच रानात मारणाऱ्या दोघांपैकी एक ठणठणीत घरी येतो आणि दुसरा आडवा होतो. यात दुसऱ्याचा हलगर्जीपणा कुठे आला?

आणि आता ती गोष्ट, जी कृषी केंद्राच्या काउंटरवर कोणी सांगत नाही. "काल मारलं, परवा मारलं, काही झालं नाही, आजच कसं झालं?" हा प्रश्न घरचे विचारतात, शेजारी विचारतात. उत्तर साधं आहे. काल आणि परवा झालेलं होतं. तांबड्या पेशींतलं कोलिनेस्टरेज एकदा कायमचं बाद झालं की ते दुरुस्त होत नाही. नव्या पेशी तयार होतील तसतसं ते दिवसाला साधारण एक टक्का या वेगाने भरून येतं, म्हणजे पूर्ण भरायला तीनेक महिने. तुरीला मात्र दोन-तीन फवारे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लागतात. स्वतःचं चार एकर रान असलेला शेतकरी दोनदा मारून मोकळा होतो. रोजंदारीवर मारणारा गडी आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. त्याची पातळी रोज थोडी घसरते. डोकं दुखतं, भूक जाते, रात्री झोप लागत नाही, आणि तो म्हणतो ऊन लागलं असेल. मग एखाद्या दिवशी नेहमीएवढाच डोस त्याला पुरतो. कोसळायच्या दिवशी तो काही वेगळं वागलेला नसतो. महिनाभर त्याचं रक्त कोणी तपासलेलं नसतं, एवढंच.

दोन औषधं कालवण्याचा आरोपही असाच. सायपरमेथ्रिनसारखं विष आपलं शरीर ज्या विकरांनी फोडतं, त्या विकरांनाच प्रोफेनोफॉस जखडून ठेवतं. म्हणून दोन्ही एकत्र आली की किडीवरही जोर वाढतो आणि माणसावरही. पण प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के हे मिश्रण सरकारी नोंदणी घेऊन एकाच बाटलीत विकलं जातं. कंपनीने कालवलं तर तंत्रज्ञान आणि गड्याने बादलीत कालवलं तर अडाणीपणा, हा न्याय मला समजत नाही. बाटलीवरचा रंगीत त्रिकोणही इथे अपुरा पडतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे रंग एका औषधाच्या एका मात्रेवर ठरतात. तीन बाटल्या आणि वर टॉनिक मिळून जो पंप भरतो, त्याचा त्रिकोण कोणत्या रंगाचा ते कोणी छापत नाही.

दवाखान्याकडे येऊ. या विषावरचा पहिला उतारा ॲट्रोपिन. ते ज्या कुळातल्या वनस्पतींत सापडतं त्यातला धोतरा आपल्या बांधावर उगवतो. म्हणून कोणी धोतरा खाऊ नये, त्यातल्या विषाचं प्रमाण झाडागणिक बदलतं आणि तो स्वतःच जीव घेतो. पण एक विष मोजून टोचलं तर दुसऱ्या विषाला रोखून धरतं ही वैद्यकातली मोठी गोष्ट आहे. ॲट्रोपिन छातीतलं पाणी आटवतं, छाती कोरडी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. दुसरं प्रॅलिडॉक्सिम, डॉक्टर ज्याला पॅम म्हणतात. ते विकराला चिकटलेलं विष सोडवू पाहतं, पण वेळेत मिळालं तर. मोनोक्रोटोफॉसच्या जातीच्या विषांत ती गाठ काही तासांत कायमची पक्की होते, क्लोरपायरिफॉसच्या जातीत दिवसभर तरी हातात असतो. आळंदहून कलबुर्गी चाळीसेक किलोमीटर. रानातून गाडीरस्त्याला यायचे, गाडी मिळवायचे आणि आधी गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून बघायचे तास त्यात मिळवा. ही दोन्ही इंजेक्शनं फुलोऱ्याच्या महिन्यांत तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असलीच पाहिजेत. आणि पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून रोग्याला घरी नेऊ नका. एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणं, श्वास तोकडा पडणं असा दुसरा झटका येऊ शकतो.

तोवर घरच्यांनी करायचं ते सांगून ठेवतो. अंगावरचे कपडे आधी उतरवा, केसांसकट सगळं अंग साबणाने धुवा, धुणाऱ्याने स्वतःचे हात जपा. दूध, तूप, तेल काहीही पाजू नका, उलटी काढायला घशात बोटं घालू नका. रिकामी बाटली सोबत न्या, डॉक्टरला नाव कळलं तर अर्धं काम होतं. दिल्लीच्या एम्सच्या विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. बायको कधी पंपाला हात लावत नाही, तरी हंगामभर ते विष तिच्या हातातून जातं, याकडे कोणाचंच लक्ष नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे. ऑर्गेनोफॉस्फेट हाताळणाऱ्या कामगाराचं हंगामाआधी रक्त घेऊन त्याची स्वतःची पातळी नोंदवायची, मग कामाच्या दिवसांत पुन्हा पुन्हा तपासायची. तांबड्या पेशींतलं कोलिनेस्टरेज मूळच्या ७० टक्क्यांवर आलं की त्याला फवारणीवरून काढायचं, ८० टक्क्यांवर चढेपर्यंत परत घ्यायचं नाही. तिथे माणूस कोसळायची वाट बघत नाहीत. ही तपासणी काही फार अवघड नाही, चांगल्या प्रयोगशाळेत ती होते. कलबुर्गीत तूर विकास मंडळ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, कृषी संशोधन केंद्र आहे, होबळी पातळीवर रयत संपर्क केंद्रं आहेत. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आम्हाला अभिमान वाटला. त्या डाळीच्या पिकावर फवारणाऱ्याच्या रक्ताची नोंद ठेवणारी एक वही मात्र यांपैकी कोणाकडे तरी असायला हवी होती.

कायदा झाला तो माणसं मेल्यावरच. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेल्या पिठाने शंभराहून अधिक जीव गेले, त्यातून चौकशी झाली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. मोनोक्रोटोफॉसवर श्रीलंकेने १९९५ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे २०१३ च्या जुलैत बिहारच्या गंडामन गावात शाळेच्या जेवणातून त्याने २३ मुलं नेली, २०१८ च्या डिसेंबरात आपल्याच कर्नाटकात, चामराजनगर जिल्ह्यातल्या सुळवाडीच्या देवळातल्या प्रसादातून माणसं नेली, आणि त्याच्या नेहमीच्या ३६ टक्क्यांच्या द्रावणावर बंदी आली ती २०२३ मध्ये. श्रीलंकेनंतर २८ वर्षांनी.

आता किंमत. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलसारखी हिरव्या त्रिकोणाची, अळीच्या स्नायूंवर नेम धरणारी आणि माणसाला बरीच सौम्य औषधं बाजारात आहेत. पण वर्षानुवर्षं ती जुन्या पिवळ्या बाटल्यांपेक्षा महागच राहिली. ज्याच्याकडे पैसा आहे तो कमी विषारी औषध घेतो, ज्याच्याकडे नाही तो जास्त विषारी घेतो. अनुदान द्यायचं तर ते या फरकावर द्या.

आणि आपल्या रानातलीच एक जुनी गोष्ट. १९९७-९८ च्या हंगामात बीदर आणि कलबुर्गीत तूर बुडाली, अळीने शेंगा रिकाम्या केल्या, कर्जात शेतकरी गेले. औषधावर औषध मारूनही ती अळी मरत नव्हती, कारण सायपरमेथ्रिनच्या घराण्याला ती १९८० च्या दशकातच सरावली होती. त्या सुमाराला याच भागातल्या शेतकऱ्यांनी एक काम मोठ्या प्रमाणावर केलं. दोन ओळींमध्ये ताडपत्री अंथरायची, तुरीचं झाड हाताने गदागदा हलवायचं, अळ्या टपाटप खाली पडतात, त्या गोळा करायच्या. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते तपासलं आणि उपयोगी असल्याचं नोंदवलं. गोळा केलेल्या अळ्यांतून एचएएनपीव्ही हा विषाणू वाढवता येतो. तो त्याच अळीला लागतो, माणसाला काही करत नाही. ऊन त्याला मारतं म्हणून संध्याकाळी मारायचा, मग अळ्या शेंड्यावर उलट्या लटकून मरतात.

या कामाला हात लागतात, तीन-तीन माणसं एका ओळीला. म्हणूनच ते मागे पडलं. पण ते हात गावात आहेत, आणि त्यांनाच आपण पंप देऊन रानात धाडतो. फुलोऱ्याच्या काळातली झाड हलवण्याची मजुरी रोजगार हमीतून द्या, आणि ज्यांना फवारायचंच आहे त्यांचं रक्त सप्टेंबरात आळंदच्या सरकारी दवाखान्यात घ्या. तालुका पंचायतीच्या पुढच्या बैठकीत हे दोन ठराव कोण मांडणार, त्याचं नाव मला ऐकायचं आहे.